मोठ्या घरची हाक

गेल्या महिन्यात कॉलेजात शिकवणारी एक बाई माझ्याकडे येऊन गेली. ही तिसरी. तिनं टीपॉयवरचे कप बाजूला सारले, रेकॉर्डर मधोमध ठेवला आणि ‘तुमची पारंपरिक गीतं’, त्यातही मोठ्या घरची हाक, म्हणून दाखवा म्हणाली. मी नाही म्हटलं. आधी तिला वाटलं मी लाजतेय, मग वाटलं माझा घसा बसलाय, शेवटी वाटलं मला काही हवं असेल. तिचा दोष नाही. पण हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं म्हटलं की आता जिवावर येतं. चार वाक्यं बोलले की मला धाप लागते आणि समोरच्याला तेवढं ‘नाही’ कळतं. म्हणून एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी कुणी आलं की झेरॉक्स हातात देईन आणि चहा टाकीन.

माझा जन्म खारदांड्याचा. अंधेरीला मी लग्न आणि नोकरी, दोन्ही निमित्तांनी नंतर आले. माझी आई दांड्याची धवलारीण होती. आमच्या कोळ्यांच्या लग्नात भटजी नावापुरता, खरं लग्न धवलारीण लावते. उंबराची फांदी मांडवात आणण्यापासून हळद, तेल, पाणी आणि नवरीची पाठवणी होईपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं आणि तिनं ते म्हटल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कुणी मानत नाही. ही गाणी सगळ्यांची. तुम्हाला हवी असतील तर मी आत्ताही म्हणते, कुणाची परवानगी लागत नाही.

हाक मात्र प्रत्येक घराची वेगळी. लग्नाच्या आदल्या दिवशी, भरती लागायला लागली की, त्या घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवायचं. मेलेली माणसं भरतीबरोबर येतात असा समज. धवलारीण पाटावर बसते, समोर सुपात तांदूळ. ती एकेक नाव घेते आणि नावामागे त्या माणसाचं थोडंसं सांगते. कुणी अलिबागेहून पहिली होडी आणली, कुणी खडक फोडून गोडं पाणी काढलं, कुणी पटकीत गावातली मढी एकट्यानं उचलली, कोणती सून सात पोरं पुरून आठवं वाढवून गेली. प्रत्येक नावाला घरातल्या कुणीतरी ‘आला’ किंवा ‘आली’ म्हणायचं आणि मूठभर तांदूळ सुपात टाकायचे. मग त्या नावानं एक घोट. मी मांडवांत बसू लागले ते दारूबंदीचे दिवस होते, त्यामुळे आमच्या पितरांनाही तेव्हा नारळाच्या पाण्यावर भागवावं लागत होतं.

ही हाक त्या घराच्या मालकीची, होडी असावी तशी. त्या घराच्या मांडवाबाहेर ती गाता येत नाही. माझ्या लहानपणी एका बाईनं विहिरीवर कपडे धुताना दुसऱ्या घरची हाक नुसती गुणगुणली, तर त्या दोन घरांचं वर्षभर बोलणं बंद होतं. धवलारणीच्या पोटात सगळ्या घरांच्या हाका असतात, पण त्यातली तिची एकच. आमच्या घरची हाक फार लहान, अकरा नावांची. आई म्हणायची, आपली माणसं इतकी दमून मेली की सांगण्यासारखं काही करायला त्यांना फुरसतच झाली नाही.

आई स्वतःही त्यातलीच. सकाळी पाटी डोक्यावर घेऊन खारच्या बाजारात, तिथे उरलं तर सांताक्रूझच्या बंगल्यांतून दारोदार, दुपारी परत येऊन सुकत घातलेले बोंबील उलटायचे, आणि लगीनसराईत त्यावर रोज कुणाचा तरी मांडव. मला तिचा चेहरा आठवायचा म्हटलं की तिचे मिटलेले डोळे आठवतात. ती बसली की मिटायचे. लोक म्हणत धवलारणीला मान असतो. मान होताच. लुगडं, नारळ आणि तांदूळ मिळत, आणि होड्यांचा मालक नाखवासुद्धा तिच्यासाठी उठून पाट मांडे. पण मानानं कुणाचे पाय दुखायचे थांबत नाहीत, हे मी रोज तिचे पाय चेपताना बघत होते.

त्यात लाउडस्पीकर आले. पन्नास सालानंतर दोन-तीन वर्षांतच प्रत्येक मांडवाच्या बांबूला कर्णा बांधला जाऊ लागला. त्यातून दिवसभर सिनेमाची गाणी. आई पाटावर बसली की कुणीतरी जाऊन तो बंद करी, पण शेजारच्या आळीतल्या लग्नाचा कसा बंद करणार? मग ती त्याच्यावर आवाज चढवी. दोन लगीनसराया तिनं अशा काढल्या आणि तिसऱ्या वर्षी तिचा आवाज फाटला. नुसतं बोलताना ठीक, पण वरची पट्टी लावली की मध्येच हवा निघून जायची. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, सातवी पास, आणि तिच्या मागे बसून ओळ झेलायचं काम तीन-चार वर्षं करत होते. धवलारणीनं ओळ सोडली की मागे बसलेलीनं ती उचलून पुन्हा म्हणायची, म्हणजे पुढच्या ओळीपर्यंत तिला श्वास घ्यायला मिळतो. आता मी पुढे बसायचं असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, मला शिकायचं होतं आणि रोज रात्री असे पाय दुखवून घ्यायचे नव्हते.

इथे काकीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिचं आहे.

दांड्याला एक मोठं घर होतं. चार होड्या, पाच खोल्या, आणि माझा बाप त्यांच्याच होडीवर खलाशी. त्या घरात तीन भाऊ होते. थोरला तो नाखवा, मी पाहिला तेव्हा पांढऱ्या मिशांचा. मधला काकीचा नवरा. माझ्या जन्माच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट, नारळी पुनव चार दिवसांवर होती. दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हे दांड्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण दोन महिने दर्या बंद होता, घरात भात आणि मीठ याशिवाय काही उरलं नव्हतं, आणि मधल्यानं थोरल्याचं न ऐकता होडी काढली. धाकटा त्याच्याबरोबर गेला. दोघंही परत आले नाहीत.

त्यानंतर मोठ्या घरात जे पहिलं लग्न झालं त्यात तेव्हाच्या धवलारणीनं, म्हणजे माझ्या आजीनं, आईच्या सासूनं, रीतीप्रमाणे दोघांची नावं हाकेत घेतली. धाकट्याच्या नावाला नाखव्यानं ‘आला’ म्हटलं. मधल्याचं नाव आलं तेव्हा तो उभा राहिला आणि याला परत धाड म्हणाला. अशी रीत आहे. चुकून भलत्याला बोलावलं गेलं, किंवा घराला तो नको असला, तर त्याला परत दर्यात पाठवायची एक ओळ असते, तिला धाडणी म्हणतात. ती म्हटली की तो माणूस त्या घराचा राहत नाही. आजीनं ती म्हटली. तेव्हापासून त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

अगदी कुणीच नाही. त्याच्या घरानं सोडलं होतं आणि काकी तर बायको, ती नवऱ्याचं नाव कशी घेणार? मूलबाळ झालं नव्हतं. म्हणजे ते नाव उच्चारील असं तोंडच गावात उरलं नव्हतं. मलाही ते ठाऊक नव्हतं, आम्ही तिला नुसतं काकी म्हणायचो. त्यात आणखी एक गोष्ट होती. बाई मेली की तिचं नाव हाकेत नवऱ्याच्या नावामागून लागतं. नवराच नसेल तर ते लागणार कुठे? म्हणजे काकी मेल्यावर तीही कुठल्या मांडवात बोलावली जाणार नव्हती.

ती वळाणांच्या टोकाला, बोंबील सुकवतात तिथे, एका झोपडीत एकटी राहायची. आठवड्यातून एकदा संध्याकाळी आमच्याकडे येई आणि उंबऱ्यावर बसे. कधी दोन सुके मासे आणी, कधी मिठाची पुडी. इकडचं तिकडचं बोले. उठताना मात्र आईकडे न बघता विचारी, ‘यंदा घेशील गो?’

आई म्हणे, ‘नाखवा बोलला तर घेईन.’

काकी मान हलवून निघून जाई. हे इतक्या वेळा झालं की मला त्याचा कंटाळा येई. खरं सांगते, तेव्हा मला तिची दया यायची नाही, राग यायचा. आई जेमतेम पाठ टेकायच्या बेतात असायची आणि ही येऊन बसायची. एकदा मी आईला म्हटलं, तिला एकदाच स्पष्ट नाही का सांगून टाकत नाहीस? आईनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

मी पुढे बसायचं ठरलं त्या पावसाळ्यात आईनं मला सगळ्या घरांच्या हाका दिल्या. मागे बसून ओळ झेलणं वेगळं आणि स्वतःच्या डोक्यात पस्तीस-चाळीस घरं ठेवणं वेगळं. मी म्हटलं, मी लिहून घेते. असं आधी कुणी केलं नव्हतं. आईला ते फारसं पटलं नाही, पण वाद घालायचं तिच्या अंगात नव्हतं. शाळेतली अर्धी कोरी वही होती, ती मी घेतली. दुपारी ती सोडे निवडत बसे आणि मी समोर पाय पसरून लिही. ती चालीवर म्हणत नसे. चाल लावली की ती हाक होते, नुसतं बोललं की नावं. ती सपाट आवाजात, डोळे मिटून, हातानं सोडे चाचपत सांगत जाई आणि मी ‘पुढे?’ म्हणून घाई करी. माझं अक्षर चांगलं होतं. प्रत्येक घराला मी नवीन पान दिलं, वर घराची खूण लिहिली, खाली रेघ मारली. मला वहीचा भारी गर्व झाला. आईनं इतकी वर्षं जे डोक्यावर वाहिलं ते मी दोन महिन्यांत कागदावर उतरवलं, असं मी मैत्रिणींना सांगितलं देखील.

वैशाखात मोठ्या घरी लग्न निघालं. नाखव्याच्या नातीचं. मी तोवर चार लहान घरांचे मांडव काढले होते आणि लोक बरं म्हणत होते. मोठ्या घरची हाक सगळ्यांत लांब, चाळिसाच्या वर नावं, म्हणून मी आठवडाभर वही घेऊन समुद्राकडे तोंड करून मनात घोकत होते.

त्या दिवशी भरती दुपारी चारच्या सुमाराला लागणार होती. मांडवात सगळा गाव. उन्हामुळे वर शिडं ताणली होती. काकी बाहेर, जिथे शिडाची सावली संपते तिथे, बायकांच्या मागे बसली होती. तिला आमंत्रण असायचं, जेवायला पानही असायचं, पण आत ये असं कुणी म्हणायचं नाही. मी पाटावर बसले. आई माझ्या मागे, माझी ओळ झेलायला. वही मांडीवर होती, पण मी तिच्याकडे फारसं बघत नव्हते, सगळं पाठ होतं. पहिली होडी आणणारा आला, पटकीतला आला, सात पोरांची आई आली. मुठी पडत होत्या, सूप भरत होतं. आवाज माझा नवा होता, चांगला लागला होता. मग मी धाकट्याच्या आधीचं एक नाव घेतलं आणि त्यामागचं सांगितलं, की शीड फाटलं तरी जो हसायचा तो.

कुणी ‘आला’ म्हटलं नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. ओळ झेलायला आईचाही आवाज आला नाही. म्हणून मी तीच ओळ पुन्हा म्हटली, आणखी मोठ्यानं.

आता इतक्या वर्षांनी मला ते कसं झालं ते नीट सांगता येतं. आई सासूच्या मागे बसून जी हाक शिकली त्यात ते नाव होतं. पुढे ती स्वतः गायला लागली तेव्हा त्या जागी ती नाव गाळायची आणि श्वास घ्यायची. मी तिच्या मागे बसून तो श्वास दर वेळी ऐकला होता आणि मला वाटायचं तो श्वासच आहे. पण सोडे निवडताना, पाठीला रग लागलेली असताना, मी पुढे-पुढे करत असताना, तिनं हाक जशी पोटात होती तशी सांगितली. कागदावर श्वास लिहीत नाहीत. मी स्वच्छ अक्षरात ते नाव लिहिलं, आणि ते कुणाचं हे मला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

दुसऱ्यांदा म्हटल्यावर मला लोकांचे चेहरे दिसायला लागले. म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले होते. माझा बाप मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, तो खाली बघत होता. काहीतरी भयंकर झालंय एवढं मला समजलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

‘आला.’

काकी उभी राहिली होती. बायकांनी आपोआप वाट दिली. ती सावलीत आली, सुपाशी येऊन बसली, आणि तिच्याजवळ तांदूळ नव्हते म्हणून तिनं नवरीच्या आईच्या ताटातले मूठभर घेतले आणि सुपात सोडले. निम्मे दाणे बाहेर सांडले. ते तिनं एकेक करून वेचले. सगळा मांडव ते वेचणं बघत होता.

नाखवा उठला. तो ओरडला वगैरे नाही. त्याच्या धाकट्या भावाला दर्यानं नेलं होतं आणि त्यानं ते इतकी वर्षं कुणाच्या तरी नावावर ठेवलं होतं. आज वाटतं, त्याशिवाय त्या माणसाला झोप लागली नसती. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. आईला म्हणाला, पोर चुकली, चालायचंच, आता तू त्याला परत धाड. एक ओळ म्हण आणि पुढचं होऊ दे.

काकीनं हातातले शेवटचे दाणे सुपात टाकले आणि ती आईकडे बघत बसली. विनवणी नव्हती त्यात. काय होणार हे तिनं एकदा पाहिलेलं होतं.

आईला नाही म्हणणं परवडणारं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझा बाप त्याच घराच्या होडीवर. मोठं घर सुटलं की त्यांच्या मागची दहा-बारा घरं सुटणार. मी मागे वळून बघितलं. आई नेहमीसारखी बसली होती, खांदे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. मग ती बोलली.

‘माजा आवाज गेला, नाखवा. त्याला धाडाला आवाज नाय माज्याकडं.’

खोटं होतं ते. फाटका का असेना, आवाज होता. त्याच दिवशी पहाटे तिनं उंबराचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलेलं मी ऐकलं होतं, आणि नाखव्यानंही. धाडणी म्हणजे म्हणे जेमतेम सहा-सात शब्द.

नाखवा पहिल्यांदाच माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मग तू म्हण. मी वही उघडली. घाईत पानं सुटी होईनात. मोठ्या घरचं पान बघितलं, त्याच्या मागचं बघितलं, पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. मी म्हटली असती, हे लपवण्यात अर्थ नाही. मी सोळा-सतरा वर्षांची होते, घाबरले होते, आणि मला फक्त ते सगळं संपायला हवं होतं. पण धाडणी वहीत नव्हती. आईनं ती मला दिलीच नव्हती.

मी म्हटलं, मला येत नाही.

भरती वर येत होती. हाक अर्धी सोडून चालत नाही, पुढची नावं ताटकळतात. नाखवा उभा होता तसाच बाहेर निघून गेला. मी पुढचं नाव घेतलं, धाकट्याचं. त्याला ‘आला’ म्हणायला थोरला नव्हता, तेही काकीनंच म्हटलं. पुढची सगळी नावं मी कशी संपवली ते मला आठवत नाही. मागे आई ओळ झेलत होती, घोगऱ्या आवाजात, एकही न चुकता.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. बापाला होडीवरून उतरावं लागलं. तो आईला एक शब्द बोलला नाही, वळकटी उचलून वेसाव्याला दुसऱ्या नाखव्याकडे गेला आणि महिन्यातून दोनदा घरी येऊ लागला. दोन लगीनसराया आम्हाला कुणी फारसं बोलावलं नाही. आई पुन्हा कुठल्याच मांडवात बसली नाही. मला मात्र त्यामुळे वेळ मिळाला आणि मी पुढची परीक्षा देऊन म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. म्हणजे आईनं जे गमावलं त्यावर माझं बस्तान बसलं. हे मला अजून टोचतं, आणि टोचून उपयोग काय हेही कळतं.

काकी त्या आठवड्यात आली. नेहमीसारखी उंबऱ्यावर बसली, इकडचं तिकडचं बोलली. उठताना तिनं काही विचारलं नाही. नुसती उठली आणि गेली. त्यानंतर ती आमच्याकडे क्वचितच यायची. पुढच्या पावसाळ्यात ती वारली.

ती गेली त्या दिवशी मी आईला विचारलं. आई सुकी मासळी निवडत होती. मी म्हटलं, नाव तू मला मुद्दाम सांगितलंस का? ती म्हणाली, नाही, ते चुकून आलं, दमले होते. मग म्हणाली, पण धाडणी दिली नाही ते चुकून नाही. मी कारण विचारलं. मासे निवडता निवडताच तिनं सांगितलं. पहिल्या वेळी सासूनं धाडणी म्हटली तेव्हा ओळ झेलायला मागे हीच बसली होती. सासूनं एकदा म्हटली, हिनं दुसऱ्यांदा म्हटली. समोर काकी बसली होती, दोघी एका वयाच्या, एका वर्षी लग्न होऊन दांड्यात आलेल्या. आणि पुढे ती बाई दर आठवड्याला येऊन आपल्या दारात बसायची, दोन मासे घेऊन, आणि एकदाही तिनं ते बोलून दाखवलं नाही.

‘तुला दिली असती,’ आई म्हणाली, ‘तर कवातरी तूपन कोनाला धाडलं असतंस.’

मांडवात वहीची पानं चाळताना माझी काय धांदल उडाली होती ते तिनं मागून बघितलं होतं.

पुढे काही वर्षांनी नाखवा वारल्यावर मोठ्या घरचा मुलगा माझ्या शाळेत मला शोधत आला. घरात लग्न होतं. मला म्हणाला, वहीत आहे तशी हाक म्हणा. मी गेले. मधल्याचं नाव घेतलं, त्यामागून काकीचं, आणि काकीच्या नावामागे काय सांगायचं ते मी रात्रभर जागून ठरवलेलं ऐन वेळी विसरले. एवढंच सांगितलं की जी सावलीत आली ती. कुणीतरी ‘आली’ म्हटलं. कोण ते मी बघितलं नाही, माझे डोळे भरले होते.

आई पुढे बरीच वर्षं जगली, शेवटी शेवटी बोलणंही बंद झालं होतं. ती गेली तेव्हा धाडणी तिच्याबरोबर गेली. त्या ओळीतला एक शब्दही कुणाला माहीत नाही, मी चौकशी केली आहे. वेसाव्यात वेगळी आहे म्हणतात, पण ती आमच्या दांड्यात लागू नाही.

गेल्या महिन्यातल्या त्या बाईनं जाता जाता वहीबद्दल विचारलं होतं. वही कपाटात आहे, पानं पिवळी पडलीत, वाळवी लागू नये म्हणून मी मधूनमधून ऊन दाखवते. तिनं विचारलं, यात सगळं आहे का, की काही हरवलं? मी म्हटलं, एक ओळ हरवली. ती हळहळली, फार वाईट झालं म्हणाली. मला खूप थकवा आला होता आणि तिची गाडी खाली थांबली होती, म्हणून मी तिला सांगत बसले नाही. आमच्या दांड्यात त्या मांडवापासून कुणाला परत धाडलेलं नाही.